चामखीळ, आणि तीही 'तिथे'?

हाताच्या बोटावर चामखीळ उगवली तर आपण काय करतो? लंच टाइमला डबा उघडता उघडता शेजारच्या कलीगला दाखवतो. 'अगं, हे बघ ना काय आलंय.' लगेच तीन-चार सल्ले फुकटात मिळतात. कुणाच्या आजीने चुना लावायला सांगितलेला असतो, कुणाच्या काकांनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती पाडलेली असते, आणि अकाउंट्समधला एखादा जण होमिओपॅथीच्या गोळ्यांचं नाव छातीठोकपणे सांगतो. हसणं-खिदळणं होतं, विषय संपतो.

आता तीच चामखीळ कमरेखाली, नको त्या जागी आली तर? डबा बंद, तोंडही बंद. रात्री घरातले सगळे झोपले की मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून गुगल. आणि गुगल पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला थेट कॅन्सरपर्यंत नेऊन सोडतं. त्यानंतर झोप कसली लागतेय!

खरं सांगायचं तर बोटावरची आणि 'तिथली', दोन्ही चामखिळी एकाच घराण्यातल्या. घराण्याचं नाव एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. पण एकीला आपण चारचौघांत मिरवतो आणि दुसरीपायी जुळलेली लग्नं मोडायची वेळ येते. म्हणूनच या व्हायरसची नीट ओळख करून घेऊया. लाजायचं असेल तर लेख वाचून झाल्यावर लाजा.

दोनशे भावंडांचं खटलं

एचपीव्ही हा एक व्हायरस नव्हे. त्याचे २०० हून जास्त प्रकार आजवर सापडलेत. प्रत्येकाला नाव नाही, नंबर आहे. यातले काही हाताला-पायाला चिकटतात, भोवरीसारख्या दुखणाऱ्या तळपायाच्या चामखिळी आणतात. साधारण चाळीसेक प्रकारांना मात्र जननेंद्रियाच्या आसपासची नाजूक, ओलसर त्वचाच आवडते. हातावरची चामखीळ खाली पोचली म्हणून 'तसला' आजार झाला, असं सहसा होत नाही. ज्याचं त्याचं राहण्याचं ठिकाण ठरलेलं आहे.

या चाळिसांपैकी लक्षात ठेवायचे नंबर चारच. ६ आणि ११ ही एक जोडी, १६ आणि १८ ही दुसरी. जननेंद्रियावरच्या दर दहा चामखिळींपैकी नऊंच्या मागे ६ किंवा ११ नंबरचा हात असतो. गर्भाशयमुखाच्या दर दहा कॅन्सरपैकी सातांच्या मागे १६ किंवा १८. गुगल दोन्ही जोड्या एकाच पानावर दाखवतं आणि तिथेच घोळ होतो. चामखीळ आणणारी जोडी वेगळी, कॅन्सर आणणारी वेगळी. तुम्हाला दिसणारी ती फुलकोबीसारखी गाठ उद्या कॅन्सर होईल, ही शक्यता फारच थोडी.

एकाच घरातली भावंडं अशी टोकाची वेगळी का? या व्हायरसकडे जेमतेम आठ जीन्स असतात. त्यातले ई-६ आणि ई-७ हे दोन पेशीच्या ब्रेकवर पाय देतात. आपल्या प्रत्येक पेशीत वाढ रोखणारी प्रोटीन्स असतात. १६ आणि १८ नंबरवाले त्या प्रोटीन्सना असं काही जखडतात की ब्रेक पार निकामी होतो. ६ आणि ११ ची पकड मात्र ढिली. पेशी थोड्या जास्त वाढतात, वर एक गाठ येते आणि प्रकरण तिथेच थांबतं. अर्थात एकाच माणसाला दोन्ही जोड्या गाठू शकतात. त्यामुळे बायकांनी ठरलेल्या वयापासून ठरलेल्या अंतराने पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही टेस्ट करायचीच. चामखीळ आली म्हणून ती जास्त वेळा करायची गरज नाही आणि चामखीळ नाही म्हणून टाळायचीही नाही.

व्हायरस शिरतो कसा? संबंधाच्या वेळी त्वचेला डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात. तेवढी फट त्याला पुरते. तो थेट त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात जाऊन बसतो. तिथल्या पेशी हळूहळू वर सरकतात, त्यांच्याबरोबर हाही वर येतो आणि शेवटी गळून पडणाऱ्या मेलेल्या पेशींबरोबर बाहेर पडतो. या सगळ्या प्रवासात तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, आरडाओरडा करत नाही. म्हणून ताप नाही, वेदना नाही आणि आपल्या प्रतिकारशक्तीलाही बरेच दिवस पत्ता लागत नाही. बिनभाड्याने राहणारा, अगदी शांत भाडेकरू म्हणा ना!

पण पत्ता लागला की शरीर कामाला लागतं. बहुतेकांच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत व्हायरस मागे हटतो, तोही कुठलीच खूण न दाखवता. लैंगिक संबंध असणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो, असं डॉक्टर सांगतात ते याच अर्थाने. चामखीळ हा त्यातल्या थोड्यांच्या नशिबी आलेला, डोळ्यांना दिसणारा भाग.

'कुणामुळे?'

डॉक्टरांच्या केबिनमध्ये आजाराचं नाव ऐकल्यावर डोक्यात येणारा पहिला प्रश्न 'बरं कसं होणार?' हा नसतो. तो असतो 'कुणामुळे?' नवरा-बायको एकत्र आलेले असतील, तर तिथेच एकमेकांकडे बघण्याची नजर बदलते.

या प्रश्नाचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. चामखीळ हा शब्दच संस्कृतातल्या 'चर्मकील'वरून आलेला. कातडीत ठोकलेला खिळा! सुश्रुतसंहितेत अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात जननेंद्रियावर उगवणाऱ्या मांसल कोंबांचंही वर्णन आहे. तिकडे रोमन लोक असल्या गाठींना अंजिरं म्हणायचे. थोडक्यात काय, तर हा काही आयटी पार्क आणि नाइट शिफ्टने आणलेला आजार नाही. १९०७ साली जुझेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरने साध्या चामखिळीचा रस जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि स्वतःलाच टोचून घेतला. चामखीळ उगवली. म्हणजे कारण जंतूंपेक्षाही बारीक होतं. (हे असले प्रयोग आज कुठलीच एथिक्स कमिटी पास करणार नाही.)

पण 'तिथली' चामखीळ संबंधातून पसरते, यावर तरीही एकमत नव्हतं. अस्वच्छता, गनोरियाचा स्राव, काय काय कारणं सांगितली जात. मग कोरियाचं युद्ध संपलं आणि अमेरिकन सैनिक घरी परतले. १९५४ साली तिथल्या डॉक्टरांनी २४ बायकांची हकिगत छापली. नवरा घरी आला आणि चार ते सहा आठवड्यांत बायकोला चामखिळी. नवऱ्यांना विचारलं, तर परदेशात संबंध आले होते आणि त्यांनाही हेच झालं होतं. आजार संबंधातून पसरतो, हे कळायला सैनिकांच्या रजेचं कॅलेंडर कामी आलं.

तुमच्या-आमच्याकडे असं कॅलेंडर नसतं, हीच खरी अडचण. व्हायरस अंगात आल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारणपणे दोन-तीन महिने जातात. पण कधी कधी एक वर्ष, कधी त्याहूनही जास्त. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि बाळंतपण, मोठं आजारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं अशा एखाद्या निमित्ताने डोकं वर काढतो. त्यामुळे आज दिसलेली चामखीळ ही कालच्या बेइमानीचा पुरावा होऊ शकत नाही. कॉलेजातल्या अफेअरचा व्हायरस लग्नानंतर दिसू शकतो. ज्याने तो दिला, त्याच्या अंगावर कधीच काही दिसलेलं नसू शकतं. गुदद्वाराजवळ चामखिळी आल्या म्हणून तशा प्रकारचा संबंध आलाच असेल, असंही नाही.

हे वाचून सुटलो म्हणणारेही भेटतील. त्यांनी जास्त खूश होऊ नये. व्हायरस कधी आला हे सांगता येत नाही, पण तो आला तो बहुतेक वेळा त्वचेला त्वचा लागूनच. संपूर्ण संबंध यायलाच हवा असं नाही, नुसता जवळचा स्पर्शही पुरतो. ऑफिसच्या टॉयलेट सीटला दोष देण्याची जुनी पद्धत आहे. पण त्याला ठोस पुरावा नाही.

आणि कंडोम? वापराच. धोका कमी होतो, बाकीच्या आजारांपासून तर छान संरक्षण मिळतं. पण कंडोम जेवढं झाकतो तेवढंच वाचवतो. आजूबाजूची त्वचा मोकळीच राहते.

एका नोबेलची उलटी वाट

चामखिळीसारख्या क्षुल्लक गोष्टीतून नोबेल मिळालं, हे सांगितलं तर पटेल? सत्तरच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हर्पीसचा व्हायरस आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत होतं. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन डॉक्टरने कॅन्सरच्या नमुन्यांमध्ये हर्पीस शोधला, तो सापडेना. त्याच्या वाचनात जुने वैद्यकीय रिपोर्ट आले होते. जननेंद्रियावरच्या चामखिळीचं क्वचित कधीतरी कॅन्सरमध्ये रूपांतर झाल्याची उदाहरणं त्यात होती. त्याने तोच धागा धरला. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

१९८० च्या सुमाराला त्याच्या टीमने चामखिळीतून एचपीव्ही ६ वेगळा काढला. मग घशातल्या चामखिळीतून ११ नंबर मिळाला. तो घेऊन ते कॅन्सरच्या नमुन्यांकडे गेले, तर जुळेना. पण अगदीच जुळत नव्हता असंही नाही. काहीतरी पुसटसं, नात्यातलं दिसत होतं. त्या पुसट खुणेचा माग काढत १९८३ साली १६ नंबर हाती आला आणि १९८४ मध्ये १८. चोराचा चुलतभाऊ पकडला आणि त्याच्या चेहऱ्यावरून चोर सापडला, असा हा प्रकार. २००८ साली त्सुर हाउझेनना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२३ मध्ये ते गेले.

तिकडे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि चीनहून आलेले जियान झाउ या जोडीने १९९१ मध्ये आणखी एक कोडं सोडवलं. व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन घ्यायचं. ते आपोआप जुळतं आणि व्हायरससारखा दिसणारा पोकळ गोळा तयार होतो. आत जीन्स नाहीत, म्हणजे आजार करण्याची ताकदच नाही. पण शरीराला वाटतं व्हायरसच आला आणि ते शस्त्रं तयार करून ठेवतं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळाही याच कामात होत्या आणि श्रेयावरून बरीच भांडणं झाली, ती सोडून देऊ. २००६ मध्ये ६, ११, १६ आणि १८ या चारही नंबरांवरची लस बाजारात आली. झाउ मात्र १९९९ मध्येच, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारले.

ऑस्ट्रेलियात चामखिळी गेल्या कुठे?

एप्रिल २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाने शाळेतल्या मुलींना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षं २६ वर्षांपर्यंतच्या तरुणींनाही दिली. हेतू कॅन्सर टाळण्याचा होता. पण कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, चामखीळ काही महिन्यांत येते. म्हणजे लस खरंच चालतेय का, याचा पहिला निकाल चामखिळीच देणार होत्या.

निकाल आला आणि डॉक्टर लोक चाट पडले. २००७ मध्ये तिथल्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या २१ वर्षांखालच्या मुलींपैकी ११.५ टक्के मुलींना चामखिळी असायच्या. २०११ मध्ये हा आकडा ०.८५ टक्क्यांवर आला. चार वर्षांत एक आजार जवळजवळ गायब!

खरी गंमत पुढे आहे. त्याच वयाच्या, बायकांशी संबंध असणाऱ्या मुलांमध्येही आकडा १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आला. त्या मुलांना तर लस दिलीच नव्हती. मुलींकडे व्हायरस उरला नाही, मग मुलांना देणार कोण? समलिंगी पुरुषांमध्ये मात्र त्या काळात अशी घसरण दिसली नाही, कारण मुलींच्या लशीचा त्यांना उपयोगच नव्हता. २०१३ पासून ऑस्ट्रेलियाने मुलांनाही लस सुरू केली, त्यामागे हेही एक कारण.

ब्रिटनने २००८ मध्ये लसीकरण सुरू केलं, तेव्हा फक्त १६ आणि १८ वरची लस निवडली होती. कॅन्सरसाठी ती छान होती. पण चामखीळवाली जोडी त्यात नव्हती. २०१२ मध्ये त्यांनी चार नंबरवाली लस घेतली. लस घेताना 'एचपीव्हीची द्या' एवढंच म्हणून भागत नाही, त्यात कुठले नंबर आहेत ते विचारायचं असतं, ते यासाठीच.

पुणे, बार्शी आणि आपण

आपल्याकडेही ही लस २००८ पासून मिळते. पण बरीच वर्षं तिची किंमत पहिला पगार घेणाऱ्या मुलीला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायला लावणारी होती. आणि २०१० मध्ये तर मोठाच गदारोळ झाला. आंध्र आणि गुजरातमधल्या एका लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर जबरदस्त टीका झाली. ती योग्यच होती. अल्पवयीन मुलींची संमती वसतिगृहाच्या वॉर्डनकडून घ्यायची ही कुठली पद्धत?

त्या गदारोळात दुसराच एक अभ्यासही थांबला. २००९ पासून देशातल्या काही ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तपासलं जात होतं. त्यात आपलं पुणे आणि बार्शीही होतं. लसीकरण अर्ध्यात बंद पडल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. शास्त्रज्ञांनी या मुलींचा माग सोडला नाही. वर्षानुवर्षं तपासत राहिल्यावर दिसलं, की १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही तोलामोलाचं संरक्षण मिळतंय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एका डोसलाही मान्यता दिली. त्यामागच्या पुराव्यात बार्शीकडच्या या मुली आहेत. बंद पडलेल्या प्रयोगाने जगाचे पैसे वाचवले.

त्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या लशीला परवानगी मिळाली. पहिली भारतीय एचपीव्ही लस. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चारही नंबर आहेत आणि ९ ते २६ या वयातल्या मुली आणि मुलगे दोघांसाठी ती आहे. पंधराच्या आत दोन डोस, पंधरापासून पुढे सहा महिन्यांत तीन. परदेशी बनावटीची नऊ नंबरवाली लसही मिळते, ती महाग.

वाचणाऱ्या मुलग्यांनो, एव्हाना पान उलटायच्या बेतात असाल तर थांबा. ही लस 'बायकांची' म्हणून विकली गेली, त्यामुळे आपला काही संबंध नाही असं तुम्हाला वाटतं. चामखिळी तुम्हालाही येतात, गुदद्वाराचा, घशाचा आणि लिंगाचा कॅन्सर तुम्हालाही होतो, आणि व्हायरस पुढे पोचवण्याचं काम तुम्हीही करता. पंचविशी ओलांडली असेल तर डॉक्टरांशी लवकर बोला. आधी एखाद्या नंबरची भेट झालेली असली, तरी उरलेल्यांपासून लस वाचवते. मात्र आलेली चामखीळ लस घालवत नाही. ते तिचं कामच नाही.

चामखीळ आहे की नाही, हे ठरवणार कोण?

तुम्ही नाही. गुगल तर नाहीच. स्किन ओपीडीत घाबरून येणाऱ्या मुलांपैकी काहींना काहीच झालेलं नसतं. लिंगाच्या टोकाशी कडेने ओळीत दिसणारे मोत्यासारखे बारीक दाणे ही तर अगदी नॉर्मल गोष्ट. बायकांमध्येही योनिमार्गाच्या तोंडाशी नैसर्गिक, मऊ, एकसारखे कोंब असू शकतात. उलट, चपट्या, ओलसर चामखिळींसारखं दिसणारं काहीतरी सिफिलिसचंही असू शकतं. त्याला वेगळं औषध लागतं, आणि ते वेळेवर लागतं. म्हणून डॉक्टर एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करायला सांगतील, तेव्हा 'मला काय समजलात?' म्हणून चिडू नका. चामखिळीचं निदान मात्र डोळ्यांनी बघूनच होतं. लॅबच्या महागड्या पॅकेजमध्ये नंबर शोधून काढायची गरज नसते, कारण कुठलाही नंबर निघाला तरी उपचार तेच.

उपचार बरेच आहेत. घरी लावायची इमिक्विमॉड क्रीम. ती व्हायरसला मारत नाही, त्वचेतली प्रतिकारशक्ती जागी करते, म्हणून आठवडेच्या आठवडे लागतात. पोडोफायलोटॉक्सिन हे वनस्पतीतून मिळणारं औषध. त्या कुळातली एक वनस्पती आपल्या हिमालयात उगवते. गरोदरपणात हे चालत नाही, त्यामुळे दिवस गेले असण्याची शंका असेल तर आधी सांगा. दवाखान्यात उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, नाहीतर ॲसिडने जाळतात, किंवा भूल देऊन कॉटरीने काढतात. कुणाला काय चालेल, हे जागा, संख्या आणि खिसा बघून ठरतं.

आता एक कडू गोष्ट. चामखीळ गेली म्हणजे व्हायरस गेला असं नाही. आजूबाजूच्या वरून धडधाकट दिसणाऱ्या त्वचेत तो असू शकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी परत येण्याचं प्रमाण बरंच. यात डॉक्टरचं चुकलं नाही, तुमचंही नाही. दोन-तीन खेपा लागतील हे धरूनच चाला. शरीर जिंकतंच बहुतेक वेळा. त्याला मदत करायची असेल तर सिगारेट सोडा. धूम्रपान करणाऱ्यांच्या अंगातून एचपीव्ही जायला जास्त वेळ लागतो. हवाबदल म्हणून टपरीवर जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि काही गोष्टी कृपा करून करू नका. तळपायाच्या चामखिळीवरचं केमिस्टकडचं औषध तिथे लावू नका, नाजूक त्वचा भाजून निघते. चुना, रुईचा चीक, केस बांधणं, हेही नको. खाजेसाठी केमिस्ट देतो ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तर अजिबात नको, स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्तीच झोपते. चामखिळी असताना शेव्हिंग-वॅक्सिंग थांबवा, ब्लेडबरोबर व्हायरस आजूबाजूला पसरतो. आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज'वाले स्टिकर डब्यातच राहू द्या.

तिला सांगायचं? त्याला सांगायचं?

साखरपुडा झालाय, लग्न तीन महिन्यांवर आलंय आणि हे उपटलंय. बहुतेक जण काय करतात? गुपचूप उपचार, आणि 'बरं झालं ना, मग कशाला उगाच' असं म्हणून गप्प. आम्हाला विचाराल, तर सांगावं. एक म्हणजे समोरच्याला लस घेण्याची, तपासून घेण्याची संधी मिळते. दुसरं म्हणजे, वर्षभराने तिच्या अंगावर चामखीळ उगवली आणि तेव्हा हे कळलं, तर भांडण व्हायरसवरून होणार नाही, लपवण्यावरून होईल.

कसं सांगायचं? फार प्रस्तावना नको. 'ऐक ना, मला एक स्किनचा प्रॉब्लेम झालाय, एचपीव्हीमुळे होतो. बहुतेकांना कधी ना कधी होणारा व्हायरस आहे, कॅन्सरवाला नाही. मी ट्रीटमेंट घेतोय. तूही एकदा डॉक्टरांना दाखव.' एवढं पुरे. समोरून 'कधीपासून? कुणाकडून?' हे येणारच. 'ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत' हे यावरचं खरं उत्तर आहे, पळवाट नव्हे. मूल होण्यात चामखिळींमुळे अडथळा येत नाही, हेही सांगून टाका, घरातल्यांच्या मनात तोच प्रश्न असतो. गरोदरपणात त्या वाढू शकतात, पण केवळ त्यांच्यासाठी सिझेरियन क्वचितच लागतं. चामखिळी दिसत असेपर्यंत मात्र संबंध टाळलेलेच बरे. क्रीम चालू असेल तर आणखी एक कारण आहे, इमिक्विमॉडमुळे कंडोमचं रबर कमजोर होऊ शकतं.

राहता राहिलं, जायचं कुणाकडे. बायका गायनॅककडे जातात, तिथे हे होतं. बाकी सगळ्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजेच स्किन स्पेशालिस्ट. पिंपल्स आणि केसगळतीसाठी जातो तोच डॉक्टर, तेव्हा वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर बहाणा तयार आहे. पैशांची अडचण असेल किंवा फॅमिली डॉक्टर बाबांचा मित्र असेल, तर सरकारी रुग्णालयातला त्वचा व गुप्तरोग विभाग आहे आणि 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. तिथे तपासणी, औषध आणि समुपदेशन फुकट होतं, आणि नाव गुप्त ठेवलं जातं. ओपीडी सकाळची असते. अर्धी रजा टाका.